बिन्यामिनचा मांडव

घाटकोपरच्या पूर्वेला, जिथे चाळी संपून भातखाचरं आणि त्यांच्यापलीकडे मिठागरं सुरू व्हायची, तिथे एक बैठी चाळ होती. तिच्या टोकाच्या खोलीत बिन्यामिन मापगावकर राहायचा. फर्निचरच्या एका कारखान्यात तो सुतार होता. बोलणं कमी, पण त्याने बसवलेल्या दाराच्या फटीत पोस्टकार्डसुद्धा सरकत नसे. चाळीत कुणाची खिडकी फुगली, कुणाच्या खाटेचा पाय हलू लागला, की लोक त्यालाच हाक मारत आणि तो हातातलं काम टाकून रंधा घेऊन येई.

पण वारा सुटला की हा माणूस वेगळाच होई. घरात थांबत नसे. बाहेर येऊन कौलांकडे बघत उभा राही, आपल्याच नव्हे तर शेजाऱ्यांच्याही. मग आत जाऊन सात वर्षांच्या मिल्काला पालथं निजवी आणि तिच्या पाठीला कान लावी.

"श्वास घे," म्हणे. "अजून एकदा. मोठा."

मिल्का कंटाळून मोठा श्वास घेई. त्याची बायको सिपोरा तेवढा वेळ चुलीकडे तोंड करून बसे. त्या वेळचा नवऱ्याचा चेहरा तिला बघवत नसे.

मापगावकर बेने इस्राएल, म्हणजे घरीदारी मराठी बोलणारे ज्यू. अलिबागकडच्या गावात त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. बिन्यामिन सुतारकाम शिकून मुंबईला आला आणि इथेच राहिला. मग पन्नास साली, आपला देश झाला, आपली माणसं तिकडे चालली, असं जो तो बोलू लागला, तेव्हा तोही बायको-मुलीला घेऊन इस्राएलला गेला. खोली सोडली, हत्यारं तेवढी बरोबर घेतली.

तिथे राहायला मिळाला तंबू. सगळ्यांनाच तंबू. येणारी माणसं बोटी भरभरून येत होती आणि घरं बांधून व्हायची होती. त्याबद्दल बिन्यामिनची तक्रार नव्हती, पुढेही कधी नव्हती. पण दुसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे पावसाबरोबर वारा आला आणि तंबू खुंट्यांसकट उपटला. कापडाचा अर्धा भाग खाली कोसळला, त्याच्याखाली मिल्का. ती सापडायला सिपोराच्या हिशेबाने पाच मिनिटं लागली असतील. बिन्यामिनला विचारलं तर तो म्हणे, तास. पोरगी निळी पडली होती. न्यूमोनिया झाला, पाच आठवडे इस्पितळात काढले. ती वाचली, पण छातीची घरघर राहिली ती राहिलीच. बावन्न साली तिघं परत आले. जुन्या मालकाने पुन्हा कामावर घेतलं, या चाळीत खोली मिळाली आणि सगळं मागच्यासारखं सुरू झालं. निदान बाहेरून तरी.

फक्त एक गोष्ट मागच्यासारखी झाली नाही. जाण्याआधी आसपासच्या बेने इस्राएल कुटुंबांसाठी मांडवांच्या सणाचा मांडव दरवर्षी बिन्यामिन घालायचा. हिब्रूत त्या सणाला सुक्कोथ म्हणतात. शरदात धान्य घरात आलं की सात दिवसांचा हा सण. उघड्या आकाशाखाली झावळ्यांचा मांडव घालायचा आणि सातही दिवस त्यात बसून जेवायचं. पूर्वज मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटले आणि चाळीस वर्षं रानात, झोपड्यांमधून राहिले, त्याची ती आठवण. बिन्यामिनचा मांडव बघायला लोक कुर्ल्याहून येत. परत आल्यावर मात्र त्रेपन्न साली त्याला विचारायला माणसं आली तेव्हा तो म्हणाला, "कंबर धरलीय." पुन्हा कुणी विचारलं नाही.

चोपन्न साली त्याचे वडील एलोजी त्यांच्याकडे राहायला आले. वय शहात्तर, पाठ ताठ, डोक्यावर काळी टोपी. घाण्याचा बैल मेला, दुसरा घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून घर पुतण्याच्या हाती देऊन ते लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले. हातात एक पिशवी, आणि काखेत गवतात गुंडाळलेलं काहीतरी, जे त्यांनी वाटभर कुणाच्या हाती दिलं नाही. घरी आल्यावर त्यांनी ते उलगडलं. गावच्या अंगणातल्या झाडाचं महाळुंग होतं, लिंबाच्याच जातीचं. पिवळं, खडबडीत, टोकाचं बोंड शाबूत.

"सणाला लागतं," त्यांनी मिल्काला सांगितलं. "हे एका हातात, दुसऱ्या हातात शिंदीची मिटलेली झावळी आणि दोन जातींच्या डहाळ्या. मग चारी दिशांना हलवायचं, वर आणि खाली. म्हणजे काय, की देवा, तू सगळीकडे आहेस. पण बोंड मोडलं तर चालत नाही. कळलं?"

मिल्का त्या फळाला बोट न लावता वास घेत राहिली. बिन्यामिन दारातून हे बघत होता.

ज्यूंचं नवं वर्ष झालं, मग कडक उपासाचा दिवस आला. गुरुवारी संध्याकाळी उपास सुटला. एलोजींनी पेज प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बिनू, आता पहिली खुंटी ठोक."

"कसली?"

"मांडवाची. उपास सुटला की त्याच संध्याकाळी पहिली खुंटी. विसरलास होय?"

"दमलोय बाबा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी बिन्यामिन कामावर निघताना एलोजींनी पुन्हा विषय काढला. अंगणातली जागा त्यांनी हेरून ठेवली होती. चाळीच्या मंडळाचे विद्याधर शेजारीच राहायचे, त्यांनाही विचारून झालं होतं. सोमवारी कोजागिरी आणि त्याच संध्याकाळी सण सुरू होणार. विद्याधर म्हणाले होते, अंगण मोठं आहे आजोबा, तुमचा मांडव तिकडे, आमच्या सतरंज्या इकडे, काय अडतंय?

"बांबू तेवढे तू आण," एलोजी म्हणाले. "झावळ्यांचं मी—"

"बाबा, यंदा मांडव नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

"अरे, कारण सांगशील की नाही? मी काय दर वर्षी असणार आहे?"

बिन्यामिनने डबा खाली ठेवला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी शेजारच्या खोलीत ऐकू गेलं. "आठवण ठेवायची म्हणून मांडव घालायचा ना? झोपडीत राहिलो त्याची आठवण! मी राहून आलोय, बाबा. मला आठवण करायला सण नको. माझी पोर त्या कापडाखाली होती आणि मला सापडत नव्हती. तुम्ही तेव्हा कौलांच्या घरात होतात!"

बिन्यामिन डबा तिथेच विसरून निघून गेला. सिपोराने डब्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ती विनाकारण नीट करत होता.

शनिवार शब्बाथ. घरात काम नाही, आणि बोलणंही नाही. रविवारी सुट्टी असूनही बिन्यामिन सकाळीच कारखान्यात गेला. एका लग्नाचं कपाट द्यायचंय म्हणाला. कपाट खरंच होतं, पण ते मंगळवारी द्यायचं होतं.

तो गेल्यावर एलोजींनी धोतर खोचलं, कोयता घेतला. "मी झावळ्या घेऊन येतो. मिल्का येते म्हणतेय."

सिपोराला नाही म्हणता आलं असतं. पण दोन दिवस सासऱ्यांच्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता, हे तिने पाहिलं होतं. शिवाय आकाश लख्ख होतं. "ऊन चढायच्या आत या," ती म्हणाली. "आणि हे येईपर्यंत घरात असा." शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं.

बिन्यामिन दोन वाजता परतला तेव्हा ती दारातच उभी होती. पूर्वेकडून आकाश काळं होत आलं होतं. जाता जाता परत फिरणारा ऑक्टोबरचा पाऊस.

"मिल्का कुठेय?"

सिपोराने सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात असं काही आलं की शेजारून विद्याधरांची बायको वसुधा बाहेर आली.

"कुठल्या बाजूला गेले?"

"शिंदीची झाडं आहेत तिकडे म्हणत होते. मिठागरांकडे."

"आणि तू पाठवलंस?"

बिन्यामिन तसाच मागे वळला. वसुधाने छत्री पुढे केली ती त्याला दिसलीही नाही.

खाचरांच्या बांधावर गवत कापणाऱ्या बायकांना त्याने विचारलं, एक म्हातारा, काळी टोपी, बरोबर मुलगी, बघितली का? एकीने लांब हात दाखवला. सकाळीच गेले म्हणाली. सकाळीच! त्याने मनात तास मोजले आणि पळू लागला. मिठागरांचा मोसम अजून सुरू व्हायचा होता. सगळी आगरं पाण्याने भरलेली, मधून चिखलाचे अरुंद बांध, आणि दूरवर एकही माणूस नाही. तेवढ्यात वारा आला. आधी पाण्यावर शहारा उठला, मग तिवरांची झाडं एका बाजूला झुकली, आणि मग पावसाने सगळं पुसून टाकलं.

"मिल्का!" तो ओरडला. वाऱ्याने हाक त्याच्याच तोंडावर परत फेकली. त्याचा पाय घसरला, गुडघाभर पाण्यात गेला, एक चप्पल चिखलात राहिली. आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना. पायाखाली चिखल तोच, तोंडावर पाणी तेच, आणि कानात तोच फडफडणारा आवाज. हातांनी समोरची हवा चाचपत तो पुढे जात होता, जसं काही तिथे ओलं कापड आहे आणि ते उचललं की खाली ती असेल.

तो फडफडाट खरा होता. बांधाच्या टोकाला मिठागराच्या राखणदाराची झोपडी होती आणि तिच्या छपराच्या सुट्या झावळ्या वाऱ्यावर आपटत होत्या. बिन्यामिनने दाराचं तरट बाजूला सारलं.

आत एलोजी पाय पसरून बसले होते. बाजूला झावळ्यांची मोळी, वर शिंदीची एक मिटलेली, सरळ झावळी. मिल्का एका म्हाताऱ्या आगऱ्यासमोर उकिडवी बसून भाकरी खात होती. कोरडी होती. केससुद्धा कोरडे.

"पपा! तुम्ही भिजलात," ती म्हणाली.

बिन्यामिनने तिला उचललं आणि तिथेच तिच्या पाठीला कान लावला. पावसाच्या आवाजात काही ऐकू येईना. "चल. घरी चल. आत्ता." तो तिला घेऊन दाराकडे वळला तेव्हा राखणदार उठून आडवा आला. गुणाजी त्याचं नाव.

"कुठं नेतोस पोरीला? भायेर बघ तरी."

"हे छप्पर उडेल!"

"का उडंल? धा वरसं झाली, नाय उडालं. वारा आत येतो नि भायेर जातो, त्याला काय अडवलंय आपण?" गुणाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो हळू बोलला. "बस. खांबाला पाठ लावून बस. पोरगी घे मांडीवर."

बिन्यामिन बसला. खांब हातात धरला. छपरातून चार ठिकाणी पाणी गळत होतं, त्याखाली मडकी लावली होती. मुलाकडे बघून एलोजींचा चेहरा उतरला होता. बिन्यामिनच्या तिकडून चिठ्ठ्या येत होत्या तेव्हा त्यांनी वाचलं होतं की तंबू पडला, मिल्का आजारी झाली, आता बरी आहे. एवढंच लिहिलेलं होतं.

"सुकट देत होतो भाकरीसंगती," गुणाजी वेळ काढायला म्हणाला. "तर आजोबा बोलले, बिनखवल्याची मासळी आमाला चालत नाय. मंग समजलो. शनवार तेली. आमच्या मामाच्या गावात होते."

"पपा," मिल्का म्हणाली, "मी यांना सांगत होते, आपण राहायचो ना कापडाच्या घरात, तिथे बाहेर उंट दिसायचा. आणि ती म्हातारी मला संत्रं द्यायची, सोलून."

बिन्यामिनने तिच्याकडे पाहिलं. "आणखी काय आठवतं तुला?"

तिने विचार केला. "इस्पितळात पांढरी बाई होती. तिचं घड्याळ उलटं लावलेलं."

"वारा?"

"कुठला वारा?"

पाऊस तासाभराने थांबला. परतताना मिल्का पुढे, मध्ये एलोजी, मागे झावळ्यांची मोळी डोक्यावर घेतलेला बिन्यामिन, एका पायात चप्पल. मोळी टाकून द्यावी असं त्याला वाटलं होतं, पण बापाच्या हातावर कोयत्याने उठलेले फोड त्याने पाहिले आणि ती उचलली. चाळ दिसू लागली तेव्हा एलोजी न थांबता म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं रे. तू लिहिलं नाहीस."

"काय लिहिणार, बाबा?"

घरी सिपोराने मिल्काला जवळ घेतलं आणि नवऱ्याकडे बघितलं. तो रागावेल म्हणून ती तयार होती. तो म्हणाला, "गरम पाणी ठेव. बाबा गारठलेत." आणि थोड्या वेळाने, "उद्या अर्धा दिवस रजा टाकतो."

सोमवारी दुपारी त्याने मांडव घातला. पण कसा! मनगटाएवढे बांबू, कोपऱ्याकोपऱ्याला तार पिळून आवळलेली, खालून पाचरी, बाजूंना तट्टे, आणि झावळ्या पसरून झाल्यावर त्यांच्यावरून कारखान्यातून मागून आणलेली ताडपत्री, आठ दोऱ्यांनी ताणून बांधलेली. चाळीतली पोरं लोंबकळून बघत होती, मांडव हलत नव्हता.

एलोजींनी आत जाऊन वर बघितलं. "बिनू, ताडपत्री काढावी लागेल."

"पाऊस आला तर?"

"हा मांडव वरून झाकायचा नसतो. झावळ्यांतून चांदणी दिसली पाहिजे. असा झाकला तर तो मांडवच नाही. यात जेवून सण होत नाही."

"मग पावसात भिजवू तिला?"

"अरे, पाऊस आला तर उठून घरात जायचं! शास्त्रच तसं सांगतं. पानात पाणी पडून जेवण बिघडेल एवढा पाऊस आला, की उठा आणि आत जा. भिजत बसा असं कोण म्हणतं?"

बिन्यामिन शिडीवर उभा होता. तिथूनच म्हणाला, "तिथे आत जायला काही नव्हतं, बाबा."

एलोजी म्हणाले, "नव्हतं. तुझ्या बापजाद्यांनाही नव्हतं. मी आयुष्यभर मांडवात बसलो, पण घर पाठीशी ठेवून बसलो. मला त्यातलं काय कळणार? तुला वाटत असेल तर राहू दे. मी आत जेवेन."

हे ऐकून सिपोरा बाहेर आली. सूर्य मावळायला तासभरच होता. सूर्य बुडाला की सण लागणार, मग हत्यार हातात धरता येणार नाही. ती वाद घालायला आली नव्हती. तिने मांडवापासून खोलीच्या दारापर्यंत नजर टाकली आणि विचारलं, "अहो, किती पावलं होतील ही?"

बिन्यामिन शिडीवरून उतरला. चालून बघितलं. अकरा. पुन्हा चालला, आता मिल्काच्या पावलांनी. अठरा. मग त्याने कामाला सुरुवात केली. वाटेतली बादली हलवली, वाळत टाकलेल्या कपड्यांची दोरी सोडली, घसरू नये म्हणून उंबऱ्यापर्यंत विटांचा भुगा पसरला. दार सताड उघडून त्याला खालून पाचर मारली. खोलीत कंदील लावून ठेवला. बिछाना घालून त्यावर कोरडा टॉवेल आणि मिल्काचा दुसरा फ्रॉक ठेवला. हे सगळं करून तो पुन्हा मांडवापाशी आला, शिडी चढला आणि ताडपत्रीच्या आठही दोऱ्या एकेक करून सोडल्या. तो शेवटची दोरी सोडत असताना विद्याधरांनी खालून शिडी धरली.

त्या संध्याकाळी अंगणात एका बाजूला कोजागिरीच्या सतरंज्या पडल्या आणि दुसऱ्या बाजूला मांडवात मापगावकरांची पानं. झावळ्यांमधून चंद्राचे तुकडे मिल्काच्या ताटात पडले होते. एलोजींनी आशीर्वाद म्हटले. सिपोराने माशाची आमटी, भात आणि नव्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर केली होती. एलोजींची आई सणाच्या दिवसांत अशीच खीर करायची. वसुधा लवकरच उकळलेल्या दुधाचा पेला घेऊन आली. "आज मटण नाही ना तुमच्यात? मग दूध चालेल," ती म्हणाली. मटणाबरोबर दूध चालत नाही, एवढं शेजारपणाने तिला माहीत झालं होतं.

बिन्यामिन बसला नाही. खांबाला हात लावून उभ्यानेच जेवला. वाऱ्याची झुळूक आली की तो मिल्काला आत नेई. तीनदा नेलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "पपा, माझी खीर गार होते." मग त्याने तिला नेलं नाही, पण दुसरा हातही खांबाला लावला.

मंगळवार तसाच गेला. सकाळी एलोजींनी महाळुंग आणि झावळी हातात घेऊन चारी दिशांना हलवली, मिल्काकडूनही हलवून घेतली. बिन्यामिन उभा. बुधवारी दुपारपासून गदमदत होतं. सिपोरा म्हणाली, आज घरातच जेवू. बिन्यामिन म्हणाला, "अजून आला नाही ना." का म्हणाला कुणास ठाऊक. तो स्वतःच चकित झाल्यासारखा दिसत होता.

पानं वाढली आणि पाऊस आला. आधी वारा. मांडव करकरला, दोन झावळ्या उडून विद्याधरांच्या दारात पडल्या, आणि लगेच थेंब, टपोरे, आमटीत, भातात. एलोजी ओरडले, "झालं, जेवण बिघडलं! उठा!"

बिन्यामिनने मिल्काला काखेत उचललं, दुसऱ्या हाताने बापाला धरलं. सिपोरा भाताचं पातेलं घेऊन पुढे. उंबरा ओलांडला. त्याने दाराची पाचर पायाने उडवली, दार लावलं, कडी घातली, आणि मागे वळून माणसं मोजली. सिपोरा. बाबा. मिल्का. पुन्हा मोजली. कंदील जळत होता. मिल्काच्या केसांवर चार थेंब होते आणि ती हसत होती, कारण आजोबांच्या टोपीवर भात सांडला होता.

"सगळे आत आहेत," सिपोरा म्हणाली. "अहो, सगळे आत आहोत."

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडू लागला. आवाज न करता, तोंडावर हात ठेवून. तीन वर्षांत सिपोराने त्याला रडताना पाहिलं नव्हतं, इस्पितळातही नाही. ती त्याच्याजवळ बसली. एलोजींनी मिल्काला खिडकीकडे नेलं आणि पाऊस कसा पडतोय ते दाखवत राहिले.

सकाळी मांडव उभाच होता, एका बाजूला वाकलेला. बिन्यामिनने तो सरळ केला. उडालेल्या झावळ्या परत घातल्या आणि तारांचे पीळ थोडे ढिले केले. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा चटईवर बसून जेवला. पटापट जेवला, पण बसून.

यानंतर त्याची भीती गेली असं नाही. वारा सुटला की तो बाहेर येऊन कौलं बघायचाच. मात्र पुढच्या वर्षी आसपासच्या बेने इस्राएल कुटुंबांसाठीचा मांडव त्याने पुन्हा घातला, त्याच्या पुढच्या वर्षीही. छप्पन सालच्या पावसाळ्यात एलोजी वारले, झोपेत, काही त्रास न होता. मिल्काची छाती वयाबरोबर सुधारत गेली आणि ती बारा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला शाळेच्या खेळांत भाग घ्यायला परवानगी दिली.

अठ्ठावन्न साली सिपोराच्या बहिणीचं इस्राएलहून पत्र आलं. आता इथे पक्की घरं झालीत, काम मिळतं, तुम्ही पुन्हा या. सिपोराने ते वाचून दाखवलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"लिही तिला," तो म्हणाला. "घर कसल्या बांधणीचं आहे विचार. आणि दारं कुठल्या बाजूला उघडतात, तेही."

सिपोराने लिहिलं. उत्तर यायला महिने लागले. त्यात घराचा नकाशा होता, पेन्सिलीने काढलेला. बिन्यामिनने तो भिंतीला लावला नाही आणि फेकलाही नाही. जेवण झाल्यावर कधीकधी तो काढून बघायचा, आणि जायचं का, हे सिपोरा त्याला विचारायची नाही.